नस्तर लावणारा संपादक

१८२० सालच्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. लंडनमधील आर्गाइल स्ट्रीटवर एका तरुण सर्जनने नुकताच दवाखाना थाटला होता. वय अवघे पंचवीस. त्याच वर्षी लग्न झालेले. सासरा मोठा व्यापारी, त्यातून सेंट थॉमस रुग्णालयाच्या कारभारी मंडळावर. त्यामुळे घर झोकात सजलेले होते. २७ तारखेला मध्यरात्र उलटल्यावर दारावर थाप पडली. डॉक्टरच्या दारावर अपरात्री थाप पडली तर त्यात नवल काही नाही. तो खाली आला, दार उघडले आणि त्याच्यावर हल्ला झाला. सावध होऊन पाहतो तो घर पेटलेले. कसाबसा जीव वाचवून तो बाहेर पडला, पण घर, सामान, दवाखाना, सगळ्याची राख झाली.

हल्ला कोणी केला? त्यामागे एक चमत्कारिक अफवा होती. त्याच वर्षी १ मे रोजी सरकार उलथून टाकण्याचा कट केल्याबद्दल पाच जणांना न्यूगेटच्या तुरुंगासमोर फाशी देण्यात आले आणि मग जमावादेखत त्यांची मुंडकी उडवण्यात आली. ते काम करणाऱ्याने तोंडावर बुरखा घेतला होता, पण त्याच्या हाताची सफाई पाहून हा कोणी सर्जनच असावा अशी कुजबुज सुरू झाली. कोणीतरी आर्गाइल स्ट्रीटवरच्या या तरुणाचे नाव घेतले. त्याचा त्या प्रकाराशी काडीचा संबंध नव्हता; पण अफवेला पुरावा कुठे लागतो? विमा कंपनीने तर कडीच केली. घर यानेच पेटवले असणार, असे म्हणून तिने पैसे द्यायचे नाकारले. तरुणाने कंपनीला कोर्टात खेचले आणि १८२१ मध्ये १२०० पौंड वसूल केले. पैसे मिळाले, पण बसलेला जम गेला तो गेलाच.

या तरुणाचे नाव टॉमस वॅकली. जगभरचे डॉक्टर आजही ज्याचे नाव आदराने घेतात त्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकाचा हा संस्थापक. आपल्याकडे सामान्य वाचकाला त्याचे नाव फारसे ठाऊक नाही. डॉक्टर चुकला किंवा वाईट वागला, तर रुग्णाने दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न मात्र कधी ना कधी प्रत्येक घरात येतोच; आणि त्या प्रश्नाला लंडनच्या भर बाजारात आणून उभे करणारा माणूस हा.

वॅकलीचा जन्म ११ जुलै १७९५ चा, इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील मेंबरी या खेड्यातला. बाप मोठा शेतकरी, शिस्तीचा कडक. अकरा भावंडांतला हा धाकटा मुलगा अंगापिंडाने मजबूत, मुष्टियुद्धाचा शौकीन. टाँटन गावच्या एका औषधविक्याकडे त्याने उमेदवारी केली, तिथून तो लंडनला आला आणि १८१७ मध्ये सर्जन झाला. विद्यार्थी असतानाच त्याने लंडनच्या मोठ्या रुग्णालयांचा आतला कारभार पाहिला. सर्जनची जागा मिळे ती गुणावर नव्हे, नात्यागोत्यावर. मोठ्या सर्जनांचे भाचे, पुतणे आणि जबर फी भरून राहिलेले शिकाऊ उमेदवार यांच्यातच जागांची वाटणी होई. रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे कार्यकारी मंडळ तहहयात; एखादा गेला की उरलेलेच त्याच्या जागी दुसरा निवडत. परीक्षा घेणारे तेच, व्याख्यानांची फी घेणारे तेच आणि चुकलेल्याचा न्याय करायचा म्हटले तर तोही त्यांनीच. आपल्याकडे अशा कारभारासाठी चोर-सोनाराची म्हण आहे. मला इथे ती थोडी कमी पडते असे वाटते, कारण या मंडळीत प्रामाणिक, कुशल माणसेही पुष्कळ होती. फक्त आपल्यातल्याच एकाविरुद्ध तोंड उघडायची त्यांना सवय नव्हती.

५ ऑक्टोबर १८२३ रोजी ‘लॅन्सेट’चा पहिला अंक निघाला. किंमत सहा पेन्स. लॅन्सेट म्हणजे गळू फोडायचे नस्तर. वॅकलीने सुरुवातीलाच नामांकित सर्जन ॲस्टली कूपर यांची व्याख्याने छापायला घेतली. जे ऐकायला विद्यार्थी भरमसाट फी भरत, ते आता सहा पेन्सात मिळू लागले. कूपर मोठ्या मनाचे, त्यांनी आपले नाव घालू नये एवढ्या अटीवर मान्यता दिली. ॲबरनेथी नावाचे दुसरे बडे सर्जन मात्र कोर्टात गेले. सेंट थॉमस रुग्णालयाने वॅकलीला दार बंद केले. पण खरे नस्तर व्याख्यानांत नव्हते. ते होते रुग्णालयांच्या वृत्तांतांत. कोणत्या वॉर्डात, कोणी, कोणती शस्त्रक्रिया केली आणि रुग्णाचे काय झाले, हे वॅकली नावानिशी छापू लागला. तोपर्यंत रुग्णालयाच्या भिंतीआड जे घडे ते भिंतीआडच राही.

मार्च १८२८ मध्ये गायज रुग्णालयात स्टीफन पोलार्ड नावाच्या ५३ वर्षांच्या मजुराच्या मूत्राशयातला खडा काढायचा होता. भूल हा प्रकार तेव्हा नव्हता. ईथर यायला अजून अठरा वर्षे होती. रुग्णाचे हातपाय बांधून, तो शुद्धीत असताना हे काम करावे लागे. म्हणून वेग महत्त्वाचा. कसबी सर्जन पाच-सात मिनिटांत हे उरके. इथे पाऊण तास उलटला, पंचावन्न मिनिटे झाली. सर्जन एकामागून एक हत्यारे बदलतो आहे, खडा सापडत नाही, रुग्ण सोडा म्हणून विनवतो आहे आणि गॅलरीत दोनशे विद्यार्थी श्वास रोखून पाहत आहेत, असा तो देखावा. सुमारे एकोणतीस तासांनी पोलार्ड गेला. मागे बायको आणि सहा मुले. सर्जन होते ब्रँस्बी कूपर. ॲस्टली कूपर यांचे पुतणे.

‘लॅन्सेट’ने सगळा प्रसंग नाटकासारखा अंक पाडून छापला आणि हा माणूस पुतण्या नसता तर या जागी असता काय, असा सरळ प्रश्न केला. ब्रँस्बी कूपर यांनी २००० पौंडांचा दावा लावला. वॅकलीने आपली बाजू स्वतःच मांडली. डिसेंबरात निकाल लागला: नुकसानभरपाई फक्त १०० पौंड. म्हणजे कायद्याने वॅकली हरला, पण ज्युरीने कूपरच्या अब्रूची किंमत मागणीच्या विसाव्या हिश्शावर आणून ठेवली. दंड आणि खर्च लोकांनी वर्गणी काढून भरला. ब्रँस्बी कूपर आपल्या जागेवर राहिले.

या खटल्यात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. कोर्टात फिर्यादी होता सर्जन आणि आरोपीच्या पिंजऱ्यात होता संपादक. पोलार्डची विधवा कुठेच नव्हती. तिने जावे असे ठिकाणच नव्हते. कॉलेज रुग्णाची तक्रार ऐकत नसे, रुग्णालयाचे कारभारी सर्जनांचे स्नेही, आणि कोर्टाची पायरी मजुराच्या बायकोला चढता येण्याजोगी नव्हती.

आता वॅकलीच्या आयुष्यातला जो प्रसंग सांगायचा आहे, तो त्याचे चरित्रकार त्याच्या बुद्धीचा विजय म्हणून सांगतात. मला त्यात त्याची मर्यादाही दिसते.

१८३७ च्या सुमारास लंडनला मेस्मेरिझमचे, म्हणजे चुंबकी संमोहनाचे, वेड लागले होते. युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयाचे प्राध्यापक जॉन एलियटसन हे त्याचे पुरस्कर्ते. माणूस विद्वान, छाती तपासायची नळी इंग्लंडमध्ये रुळवण्यात त्यांचा मोठा वाटा. फिट येतात म्हणून दाखल झालेल्या एलिझाबेथ आणि जेन ओकी या दोन गरीब बहिणी त्यांच्या हाती लागल्या. मोलकरणीची कामे करणाऱ्या, विशीही न गाठलेल्या या मुलींना रुग्णालयाच्या नाट्यगृहात आणून एलियटसन हातवारे करून तंद्रीत घालत. उमराव, पाद्री, लेखक हा खेळ पाहायला गर्दी करत. तंद्रीतली मुलगी बड्याबड्यांशी सलगीने बोले, हसे, पडे. आजाऱ्याचा तमाशा झाला होता. पण त्याला विज्ञान म्हणत.

ऑगस्ट १८३८ मध्ये वॅकलीने बेडफर्ड स्क्वेअरमधील आपल्या घरी याची परीक्षा घेतली. एलियटसन यांचे म्हणणे, निकेल धातूत चुंबकी शक्ती साठते, शिशात साठत नाही. वॅकलीने निकेलचा तुकडा हळूच एका मित्राकडे दिला. तो खिशात घालून मित्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. मुलीला लावले ते शिसे. तेवढ्यात कोणीतरी तिला ऐकू जाईल अशा बेताने कुजबुजले की निकेल फार जोराने लावू नका. झाले! मुलीला झटके सुरू झाले. पुढल्या अंकांत ‘लॅन्सेट’ने मेस्मेरिझमचा फुगा फोडला आणि डिसेंबरात एलियटसन यांनी राजीनामा दिला.

वॅकलीने त्या वेळी आणखी एक मुद्दा मांडला होता. या विद्येत पुरुष एका तरुण स्त्रीवर संपूर्ण ताबा मिळवतो. कोणता बाप असल्या माणसाला घराच्या उंबऱ्याशी तरी येऊ देईल, असा त्याचा सवाल होता. ही शंका जुनीच. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने मेस्मरच्या प्रयोगांची चौकशी बसवली, तीत फ्रँकलिन आणि लाव्हाझिये यांच्यासारखी माणसे होती. तिने जाहीर अहवालाखेरीज एक गुप्त अहवाल राजाला दिला. उपचार करणारा नेहमी पुरुष, रुग्ण बहुधा स्त्रिया, गुडघ्याला गुडघा लावून बसणे आणि शरीरावरून हात फिरवणे. यात शीलाला धोका आहे, असे त्यात स्पष्ट होते. अहवाल गुप्त ठेवला. म्हणजे ज्या बायकांना धोका होता, त्या सोडून बाकीच्यांना तो कळवला!

खरे तर वैद्य आणि स्त्री-रुग्ण यांच्यातली ही नाजूक रेघ जगातल्या सगळ्या जुन्या वैद्यकांनी ओळखली होती. हिपोक्रेटिसच्या शपथेत रुग्णाच्या घरातल्या स्त्री-पुरुषांशी शरीरसंबंध वर्ज्य सांगितला आहे. चरकसंहितेत विमानस्थानात शिष्याला दिलेला उपदेशही तसाच: पती किंवा वडीलधाऱ्यांच्या अनुमतीवाचून स्त्रीकडून काही घेऊ नये आणि कोणाच्या घरात शिरायचे तर ओळखीच्या माणसाबरोबर शिरावे. पण शपथ मोडली तर पुढे काय, हे शपथेत नसते.

वॅकलीने त्या बहिणींना लबाड ठरवले. त्या थोड्याफार लबाड असतीलही. पण रुग्णालयात जेवण आहे, पलंग आहे, शहरातले नामांकित डॉक्टर आपल्याकडे पाहत आहेत आणि आपण त्यांना हवे तसे वागलो नाही तर पुन्हा भांडी घासायला जायचे आहे, अशा स्थितीतली मुलगी करील तरी काय? त्या मुलींच्या संमतीचा विचार एलियटसन यांनी केला नाही आणि वॅकलीनेही केला नाही. त्याच्या लेखी प्रश्न होता तो विज्ञानाचा आणि बापाच्या उंबऱ्याचा. एवढ्या धारदार डोळ्यालाही त्या काळाचे पाणी लागलेले होते.

सुमारे दीड वर्षाने मात्र हाच माणूस वेगळा दिसतो. १८३९ मध्ये वॅकली पश्चिम मिडलसेक्सचा कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, म्हणून निवडून आला. हे काम वकिलाचे नसून डॉक्टरचे आहे असा त्याचा दहा वर्षांचा हट्ट होता. १८४० च्या जानेवारीत मेरिलबोनच्या वर्कहाउसात, आपले नवजात मूल मारल्याचा संशय असलेल्या एका मोलकरणीची चौकशी झाली. ज्युरीत चार्ल्स डिकन्स होता. मुलगी अर्धमेली, घाबरलेली, मालकीण कठोर. काही ज्युरींना कडक निर्णय हवा होता. डिकन्सने मुलीची बाजू घेतली, वॅकलीने त्याला बळ दिले, आणि खुनाचा ठपका टळला. डिकन्सने ही आठवण पुढे कित्येक वर्षांनी लिहिली.

कॉरोनरची चौकशी तेव्हा बहुधा गावच्या खानावळीत किंवा गुत्त्यात चाले. दार उघडे, कोणीही यावे, बसावे, ऐकावे. वॅकलीला हे फार मानवणारे होते. १८४६ मध्ये हाउन्स्लोच्या छावणीत फ्रेडरिक व्हाइट नावाच्या शिपायाला १५० फटके मारले गेले. काही आठवड्यांनी तो वारला. मृत्यू आजाराने झाला, फटक्यांशी संबंध नाही, असे लष्करी डॉक्टरांनी लिहून दिले. जवळच्या हेस्टन गावच्या पाद्र्याला मात्र हे पटेना. पुरण्याआधी त्याने कॉरोनरला कळवले. वॅकलीने प्रेत पुन्हा तपासायला लावले. इरॅस्मस विल्सन हा बाहेरचा तज्ज्ञ आणला, त्याने पाठीच्या स्नायूंतली इजा दाखवली, आणि शिपाई फटक्यांनीच मेला असा ज्युरीने निर्णय दिला. त्याच वर्षी लष्करात फटक्यांची मर्यादा पन्नासवर आली. ज्या संस्थेत घटना घडली, तिच्याच नोकरीतल्या डॉक्टरांच्या दाखल्यावर चौकशी संपवायची नाही, हा धडा इतक्या उघडपणे याआधी कोणी दिला नव्हता.

१८३५ ते १८५२ वॅकली फिन्सबरीचा खासदार होता. टॉलपडलच्या हद्दपार शेतमजुरांसाठी केलेले भाषण, भेसळ करणाऱ्या दुकानदारांची नावे ‘लॅन्सेट’मध्ये छापण्याची १८५० नंतरची मोहीम, अशा कितीतरी गोष्टी सांगता येतील. पण आपला धागा सोडायला नको. १८४६ मध्ये त्याने डॉक्टरांच्या नोंदणीचे विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही. कायदा झाला तो १८५८ मध्ये, तो संसदेतून बाहेर पडल्यावर. त्यातून जनरल मेडिकल कौन्सिल जन्मली, सर्व डॉक्टरांची एक नोंदवही झाली आणि व्यवसायात लाजिरवाणे वर्तन करणाऱ्याचे नाव तीतून खोडण्याचा अधिकार कौन्सिलला मिळाला.

वॅकली तोवर क्षयाने पोखरला होता. पत्नी १८५७ मध्ये गेली होती. हवापालटासाठी तो मदीरा बेटावर गेला आणि १६ मे १८६२ रोजी तिथेच वारला. लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत पत्नीशेजारी त्याला पुरले. संपादकाची खुर्ची धाकट्या मुलाकडे गेली आणि १९०९ पर्यंत त्या घराण्यातच राहिली. नात्यागोत्याच्या कारभारावर एवढे कोरडे ओढणाऱ्याच्या घरची ही गोष्ट वाचून हसू येते खरे.

नव्या कौन्सिलवर बसले कोण? ज्यांच्याशी वॅकली जन्मभर भांडला त्या कॉलेजांचे आणि विद्यापीठांचे प्रतिनिधी आणि काही सरकारनियुक्त डॉक्टर. डॉक्टर नसलेला पहिला सभासद यायला १९२६ उजाडावे लागले. लाजिरवाणे म्हणजे काय, याची व्याख्या कोर्टाने १८९४ मध्ये केली ती अशी की, व्यवसायातल्या प्रतिष्ठित बांधवांना जे लाजिरवाणे वाटेल ते. हा निकाल झाला तो डॉ. ॲलिन्सन यांच्या प्रकरणात. जाहिरातबाजी केली म्हणून त्यांचे नाव खोडले होते. त्यांच्या नावाचा कोंड्यासकट पिठाचा पाव पुढे इंग्लंडभर खपला, तो भाग वेगळा.

रुग्ण स्त्रीशी संबंध ठेवणारा डॉक्टरही या कौन्सिलपुढे येई. पण कसा? बहुधा घटस्फोटाच्या कोर्टातून. नवऱ्याने दावा लावायचा, डॉक्टरचे नाव त्यात निघायचे आणि मग कौन्सिलने व्यभिचार म्हणून कारवाई करायची. अन्याय झाला तो नवऱ्यावर आणि व्यवसायाच्या अब्रूवर. जिचा विश्वास मोडला, ती या कागदपत्रांत साक्षीदार असे किंवा भागीदार. अविवाहित मुलीला, विधवेला, वेड्यांच्या इस्पितळातल्या बाईला तर घटस्फोटाचे कोर्टही नव्हते.

हे शब्द बोटीत बसून मुंबईलाही आले. १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्याने हिंदुस्थानातली अशी पहिली कौन्सिल मुंबईत स्थापन झाली, ती लंडनच्याच साच्यावर. १९६५ च्या महाराष्ट्र कायद्याने तिची जागा आजच्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेने घेतली. देशभरच्या डॉक्टरांसाठी २००२ मध्ये जे आचारनियम झाले, त्यांत व्यवसायातल्या स्थानाचा गैरफायदा घेऊन रुग्णाशी अनुचित संबंध ठेवणे हे गैरवर्तन ठरवले आहे, आणि तक्रारीचा निर्णय सहा महिन्यांत व्हावा असेही म्हटले आहे. सहा महिने!

इंग्लंडला स्वतःच्या कौन्सिलचे डोळे उघडायला फार मोठी किंमत द्यावी लागली. केंट परगण्यातल्या एका डॉक्टरला २००० मध्ये स्त्री-रुग्णांच्या विनयभंगाबद्दल तुरुंगवास झाला. २००४ च्या चौकशी अहवालात बाहेर आले ते असे की बायका कितीतरी वर्षे सांगत होत्या. कोणी परिचारिकेला सांगितले, कोणी दुसऱ्या डॉक्टरला, कोणी रुग्णालयाला. प्रत्येक तक्रार सुटीसुटी राहिली. कोणी त्या एकत्र ठेवून पाहिल्याच नाहीत. तपासणीच्या वेळी सोबतीला प्रशिक्षित व्यक्ती असावी, घरच्या माणसावर किंवा स्वागतिकेवर ते काम ढकलू नये, ही त्या अहवालाची सूचना. मग २००८ मध्ये कौन्सिलने पुराव्याची कसोटी बदलली. फौजदारी कोर्टासारखी तिळमात्र शंका उरता कामा नये, ही अट जाऊन, अधिक संभाव्य काय हे पाहण्याची दिवाणी पद्धत आली. बंद खोलीत दोघांतच घडलेल्या गोष्टीला दुसरा साक्षीदार आणायचा कुठून, हा प्रश्न त्यामागे होता. २०१२ मध्ये तपास करणारे आणि न्याय देणारे वेगळे करण्यात आले. त्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण बसले. १८५८ पासून मोजले तर एकशे चोपन्न वर्षांनी.

आपल्याकडे जुन्या बायका डॉक्टरकडे जाताना सून, नणंद, शेजारीण अशी कोणीतरी बरोबर घेऊन जात. त्याला आपण खेडवळपणा म्हणून हसलो. शहरात, घाईत, एकटीने जाणे सुरू झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण शेजारणीची जागा घेणारे दवाखान्यात कोणी उभे राहिले नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेली रुग्णहक्कांची सनद केंद्र सरकारने २०१९ मध्ये राज्यांकडे पाठवली. पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असण्याचा स्त्री-रुग्णाचा हक्क तीत नोंदलेला आहे, आणि रुग्णालयांनी ही सनद दर्शनी भागात लावावी अशी अपेक्षा आहे. पुढच्या खेपेस दवाखान्यात नंबर लागण्याची वाट पाहत बसाल तेव्हा भिंतीवर नजर टाका. ती कुठे लावली आहे, आणि तपासणीच्या खोलीत जाण्याआधी वाचता येईल अशा उंचीवर आहे का, ते पाहा.